सह्याद्रीत आधी घड्याळातली उंची बघा

सह्याद्रीत फिरणाऱ्याने मनगटावरच्या जीपीएस घड्याळात आधी काय बघावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: उंची. किलोमीटर नाहीत, हृदयाचे ठोके नाहीत, नकाशावरचा बाणसुद्धा नंतर. घड्याळ घेताना आपण पडदा, पट्टा आणि बॅटरीचे तास विचारतो. त्यात उंचीमापक आहे का आणि तो हवेच्या दाबावर चालतो का, हे फार थोडे जण विचारतात. किल्ले आणि घाटवाटा करायच्या असतील तर हा प्रश्न पहिला विचारा.

कारण आपला डोंगर थरांचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पसरत गेले. कठीण थराचा कडा उरला, मऊ थर झिजून आडवा टप्पा, म्हणजे पदर, तयार झाला. त्यामुळे एका सोंडेवर पदर ज्या उंचीला लागतो, साधारण त्याच उंचीला तो शेजारच्या सोंडेवरही सापडतो. जुन्या वाटा या रचनेला धरूनच आहेत. त्या पदरातून आडव्या जातात आणि कडा जिथे फुटला असेल तिथल्या नाळेतून वर चढतात किंवा खाली उतरतात. अशा मुलुखात आपण कोणत्या थरावर उभे आहोत हे कळलं की अर्धी वाट कळली.

नाळेतून कोकणात उतरताना हे फार स्पष्ट दिसतं. समजा तोंडाशी उंची ९०० मीटर आहे, आणि ६४० मीटरवर नाळ सोडून उजवीकडे पदरात शिरायचं आहे, कारण त्याच्या खाली सुकलेल्या धबधब्याचा कातळटप्पा आहे. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी. जीपीएसचा ठिपका कधी डाव्या भिंतीत, कधी उजव्या भिंतीत दिसतो. त्याच्यावर फाटा शोधायला गेलात तर हमखास पुढे निघून जाल. उंचीचा आकडा मात्र शांतपणे उतरत असतो: ७००, ६८०, ६६०. इथे चाल कमी करायची, पुढच्या माणसाला थांबवायचं आणि उजवी बाजू बारकाईने बघायला लागायचं. कारवीतली माणसाच्या रुंदीची फट, एकावर एक रचलेले दोन-तीन दगड, खोडावरचा कोयत्याचा जुना घाव, घसाऱ्यावर दाबून बसलेली माती. घड्याळ ६१० दाखवायला लागलं आणि फाटा दिसलेला नाही, म्हणजे तो वर राहिला. तेवढे तीस-चाळीस मीटर परत चढायचे. ‘पुढे बघू’ म्हणत उतरत राहिलं की माणूस कातळटप्प्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहतो, आणि तिथून परतायला पायात बळही उरलेलं नसतं, उजेडही नसतो.

हा आकडा विश्वासाचा व्हायला घड्याळाला आधी खरी उंची सांगावी लागते. दाबावर चालणारा उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. आपल्या डोंगरांच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साधारण आठ-नऊ मीटर उंची वाढल्याचं तो मानतो. हवामानामुळे दाब बदलला तरी त्याला वाटतं की तुम्हीच चढलात. म्हणून माहीत असलेल्या उंचीवर उभं राहून घड्याळात तो आकडा भरायचा. लोकलने किंवा पॅसेंजरने जाणाऱ्यांची यात मोठी सोय आहे: रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कर्जत, कसारा, लोणावळा, कुठेही उतरा, पाटीशी एक मिनिट थांबा आणि उंची भरून घ्या. जीपने थेट पायथ्याला जाणार असाल तर आदल्या दिवशी नकाशावरून गावाची उंची काढून ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात, तेवढी अचूकता पुरते. माथ्यावर पोहोचलात की पुन्हा ताळा करा. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, हे आकडे पाठ असावेत.

एक गोष्ट परदेशी पुस्तिकांमध्ये सहसा ठळकपणे सांगितलेली नसते, पण आपल्याकडे ती महत्त्वाची आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरलेल्या लयीत वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, दुपारी चारच्या सुमारास कमी होतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला उतरतो. दहा ते चार या वेळात तो महाराष्ट्रात तीन-चार हेक्टोपास्कलने पडू शकतो. म्हणजे सकाळी दहाला माथ्यावर लावलेलं घड्याळ दुपारी चारला पंचवीस-तीस मीटर जास्त उंची दाखवू शकतं. वरच्या उदाहरणात घड्याळावर ६४० दिसत असताना तुम्ही खरे ६१० मीटरवर, फाटा ओलांडून गेलेले असाल. काही घड्याळं जीपीएसच्या मदतीने ही दुरुस्ती आपोआप करतात, पण नाळेत जीपीएसच डळमळत असल्याने तिथे त्या दुरुस्तीवर विसंबू नका. जेवणानंतर निघताना, खिंडीत, नाळेच्या तोंडाशी, जिथे उंची नक्की माहीत असेल तिथे ती नव्याने भरा. दहा सेकंदांचं काम आहे.

वादळाच्या इशाऱ्याचंही मूळ याच दाबात आहे. दाब झपाट्याने पडला की घड्याळ वाजतं. सुंटो कंपनीच्या घड्याळांमध्ये तीन तासांत चार हेक्टोपास्कल ही मर्यादा आहे. मुक्कामाला एका जागी बसलेले असाल तरच या इशाऱ्याला अर्थ, कारण चढताना दाब पडतोच. आणि एप्रिल-मेमधले वळीव या इशाऱ्यात नीट सापडत नाहीत. ते डोक्यावरच तयार होतात, त्यांच्याआधी दाब मोठा पडेलच असं नाही. दुपारनंतर काळे ढग उभे चढताना दिसले की घड्याळ काहीही म्हणो, उघड्या माथ्यावरून आणि लोखंडी शिड्यांवरून खाली या.

आता आडव्या दिशेकडे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येईतो अगदी क्षीण होतो. मोकळ्या पठारावर चांगलं घड्याळ तुमची जागा काही मीटरच्या आत सांगतं. कड्याखाली मात्र थेट संदेशाबरोबर भिंतीला आपटून आलेला संदेशही पोहोचतो. तो थोडा उशिरा येतो, आणि घड्याळ त्यालाच खरा धरून तुम्हाला भलतीकडे मांडतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासमोर मारलेली हाक परत येते तसंच हे, फरक एवढाच की घड्याळाला हाक कोणती आणि पडसाद कोणता ते चटकन कळत नाही. नव्या घड्याळांमध्ये एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारितांवर संदेश घेण्याची सोय असते. एल५च्या रचनेमुळे आपटून आलेला संदेश वेगळा काढणं सोपं जातं. सेटिंगमध्ये हे ‘मल्टी-बँड’ किंवा ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ या नावाने सापडेल. नळीच्या वाटेसारख्या अरुंद नाळेत आणि दाट रानात ते चालू ठेवा. पठारावर चालताना किंवा रस्त्यावर धावताना बंद केलंत तरी चालेल, बॅटरी वाचेल.

बरीचशी तयारी मात्र घरीच व्हायला हवी. निघण्याच्या आदल्या रात्री घड्याळ फोनशी जोडून सिंक करा. त्यात येत्या काही दिवसांत कोणता उपग्रह कुठे असेल याचा अंदाज घड्याळात उतरतो. तो नसेल तर प्रत्येक उपग्रहाकडून त्याची माहिती सलग अर्धा मिनिट ऐकावी लागते, आणि झाडाखाली ती सतत तुटते. पायथ्याच्या गावात देवळासमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहा, जागा पक्की झाल्याचं घड्याळाने सांगितल्यावर आणखी मिनिटभर थांबा, मग नोंद सुरू करा. चालत्या जीपमध्ये सुरू केलेल्या नोंदीची पहिली रेघ बहुतेक वेळा वाकडी येते.

दुसऱ्याने केलेली वाटेची जीपीएक्स फाइल उतरवून घेत असाल तर ती आधी मोठ्या पडद्यावर उघडून नीट तपासा. माणूस चालताना उमटलेली रेघ किंचित थरथरती असते, थांबलेल्या जागी गुंतवळ होतो आणि प्रत्येक बिंदूला वेळ चिकटलेली असते. घरी बसून माउसने काढलेली रेघ लांबलचक सरळ तुकड्यांची असते. तिच्यावर कड्याच्या जवळपासही जाऊ नका. तारीख बघा. मे महिन्यात कोरड्या ओढ्यातून गेलेली वाट जुलैत नसते, आणि पावसाळ्यानंतर कारवी माजलेली असते तेव्हा मळलेली वाटही झाकली जाते. जमल्यास दोन वेगळ्या माणसांच्या फाइली एकावर एक ठेवा. जिथे दोन्ही जुळतात तिथे विश्वास ठेवा, जिथे फाकतात तिथे गावात विचारा. आणि फाइल घड्याळात पाठवल्यावर घड्याळावरच उघडून शेवटपर्यंत बघा. काही घड्याळं बिंदू कमी करून रेघ सरळ करतात, आणि नेमकं नागमोडी वळणच गायब होतं.

रेघ तुम्हाला एवढंच सांगते की कुणीतरी इथून गेलं होतं. तुम्ही आणि रेघ यांच्यामध्ये काय आहे ते तिला माहीत नाही. पडद्यावर ‘वाट ४० मीटर डावीकडे’ असं दिसतं तेव्हा त्या चाळीस मीटरमध्ये कातळ तुटलेला असू शकतो. म्हणून वाट सुटल्याचा इशारा वाजला की रेघेच्या दिशेने कारवीत घुसायचं नाही. थांबायचं. पन्नासेक पावलं चालून ठिपका स्थिर होतो का ते बघायचं, कारण रानात खोटे इशारेही वाजतात. तरीही फरक राहिला तर आलेल्या वाटेने शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जायचं. ती खात्रीची जागा घड्याळात असावी यासाठी प्रत्येक फाट्यावर, खिंडीत, पाण्याच्या टाक्यापाशी, गुहेच्या तोंडाशी बटण दाबून खूण करण्याची सवय लावून घ्या. खूण फाटा गाठताच करायची, चुकल्यावर नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरलं की टेकाडं, ओढे, वाटा सगळं सारखंच दिसायला लागतं. तोलार खिंडीतून आलेल्या माणसाला तेव्हा स्वतःच्या खुणांची साखळीच देवळापर्यंत नेते आणि परतही आणते.

होकायंत्र वापरताना दोन गोष्टी. घड्याळ हातातच आडवं धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत होकायंत्र नव्याने बसवून घ्या, आणि शिडी, रेलिंग, कॅराबिनर यांच्यापासून दूर उभे राहा. उभं असताना केवळ जीपीएसला दिशा कळत नाही. ती होकायंत्रावरून तरी घ्यावी लागते किंवा थोडं चालून बघावं लागतं.

किती वेळ लागेल याचा अंदाज सह्याद्रीत किलोमीटरवर बांधू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम मांडला: सपाटीवर ताशी साधारण पाच किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास वर. पाठीवर सॅक, सोबत नवखी माणसं आणि ऑक्टोबरचं ऊन असेल तर हा वेग आपल्याकडे जमत नाही. पहिल्या तासात तुमचा गट किती मीटर चढला ते घड्याळात बघा आणि तोच दर उरलेल्या चढाईला लावा. पहिल्या तासात २५० मीटर झाले आणि अजून ७५० बाकी आहेत, तर दमणूक धरून सव्वातीन-साडेतीन तास. त्यावरून परत फिरण्याची वेळ ठरवा आणि तिचा गजर लावा. सूर्यास्ताच्या दोन तास आधीचा दुसरा गजर असू द्या. नाळेत अंधार मैदानापेक्षा लवकर पडतो.

बॅटरीच्या तासांचे छापील आकडे नव्या घड्याळाचे आणि ठराविक सेटिंगचे असतात. स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे: ट्रेकला वापरणार तीच सेटिंग ठेवून घराजवळ एक तास चाला आणि किती टक्के खर्च झाली ते बघा. दोन दिवसांच्या वाटेसाठी सतत उजळलेला पडदा, झोपेतलं ऑक्सिजन-मापन, फोनवरच्या सूचना बंद करा. ‘दर सेकंदाला नोंद’ मात्र बंद करू नका. मिनिटा-मिनिटाने बिंदू घेणारा काटकसरीचा प्रकार रस्त्यावर ठीक आहे. घाटवाटेत त्या मिनिटभरात दोन वळणं निघून जातात आणि परतीची रेघ निरुपयोगी होते. सौरऊर्जेवर चार्ज होणाऱ्या घड्याळांचा लाभ भर उन्हात मिळतो. जुलैच्या ढगात, रेनकोटच्या बाहीखाली तो धरायचाच नाही. छोटी पॉवर बँक आणि केबल सुक्या पिशवीत ठेवा.

पावसात स्पर्शाचा पडदा वेड्यासारखा वागतो, थेंबांनाच बोटं समजतो. म्हणून डोंगरासाठी पाच बटणांचं घड्याळ घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि स्पर्श असेल तर नोंद सुरू करतानाच तो बंद करावा. ‘१० एटीएम’ म्हणजे १०० मीटर खोलीवरच्या स्थिर पाण्याचा दाब सोसण्याची चाचणी. त्याचा अर्थ तेवढ्या खोल डुबकी मारावी असा होत नाही. मालवण-तारकर्लीला स्कूबा करणार असाल तर डायव्हिंगसाठीच बनवलेलं उपकरण हवं. ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ हे अमेरिकी लष्कराच्या चाचणीपद्धतीचं नाव आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्या ते कंपनीनेच सांगायचं असतं, तेव्हा नुसतं नाव वाचून भारावून जाऊ नका. कातळटप्प्यावर हात घालायची वेळ आली की घड्याळ काढून सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवा. काचही वाचते, आणि मनगट वाकल्यावर बटण दाबलं जाऊन नोंद बंद पडत नाही.

समुद्रात पोहणाऱ्यांसाठी थोडंसं. जीपीएसचा संदेश पाण्यातून आत येत नाही. हात बाहेर येतो तेवढ्या क्षणात घड्याळ जागा पकडतं. म्हणून ‘खुल्या पाण्यातलं पोहणं’ हाच प्रकार निवडा, नाहीतर अंतर काहीच्या काही येतं. किनाऱ्यावर आलं की गोड्या पाण्याने धुवा. उंचीमापकाच्या बारीक छिद्रात मीठ, घामाचा थर किंवा चिखल बसला की उंची अडखळते. कोमट पाण्यात बुचकळून काढा. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. चार्जिंगची टोकं कोरडी झाल्याशिवाय केबल लावू नका.

मनगटावरचे हृदयाचे ठोके हिरव्या प्रकाशाने मोजले जातात. पट्टा सैल असला, थंडीत कातडीतलं रक्त आटलं, की आकडा चुकतो. धावताना तर घड्याळ कधी कधी पावलांचा तालच ठोके म्हणून मोजतं. मनगटाच्या हाडाच्या वर दोन बोटं, घट्ट बांधा. मोजून-मापून सराव करणाऱ्याने छातीचा पट्टा घ्यावा. हिमालयात जाणाऱ्यांनी रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नये. डोकं दुखतंय, मळमळतंय, चाल अडखळतेय, तर घड्याळ ९० टक्के दाखवत असलं तरी वर जायचं नाही. तिथेही खरा उपयोग उंचीचाच: ३००० मीटरच्या वर आजची झोपण्याची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नको, हे घड्याळ रोज संध्याकाळी नेमकं सांगतं.

‘अपघात झाला तर घड्याळ कळवेल’ असं समजून एकटं निघणारे लोक मला भेटतात आणि काळजी वाटते. पडल्याचं ओळखणारी बहुतेक घड्याळं तो निरोप जोडलेल्या फोनमधून पाठवतात. दरीत फोनला रेंज नसेल तर निरोप जात नाही. उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारी घड्याळंही बाजारात आली आहेत, पण भारतात उपग्रहावरून संदेश पाठवणारी साधनं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. अशी साधनं जवळ असल्यामुळे परदेशी प्रवासी विमानतळावर अडचणीत आलेले आहेत. अमेरिकेतल्या, युरोपातल्या नातेवाइकांकडून घड्याळ मागवताना हे आधी तपासा. नुसता जीपीएस घेणाऱ्या घड्याळाला अडचण नाही. निघण्याआधी घरच्यांना आणि पायथ्याच्या गावातल्या कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून जा. रेंज मिळाली तर ११२ लावा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक आधीच फोनमध्ये साठवलेला असू द्या.

मदत मागताना जागा कशी सांगायची याचा सराव घरी करा. घड्याळ अक्षांश-रेखांश दोन-तीन पद्धतींनी दाखवतं. १९.३८ अंश आणि १९ अंश ३८ मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि त्यांच्यात सुमारे २८ किलोमीटरचा फरक आहे. सेटिंगमध्ये दशांश अंशांची पद्धत निवडा, फोनवर ‘एकोणीस दशांश तीन आठ’ असं एकेक अंक उच्चारून सांगा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, आणि शेवटी उंचीही सांगा. कड्याच्या वर आहात की खाली, हे नकाशावर एकाच ठिपक्यात दिसतं. येणाऱ्यांना मात्र उंचीवरूनच कोणत्या गावातून चढायचं ते ठरवायचं असतं.

घरी आल्यावर नोंद तशीच कुठेतरी चढवून टाकू नका. चुकून शिरलेला भाग कापा, स्वतःच्या घरापासून सुरू झालेला तुकडा काढा, फाट्यांना गावातले लोक म्हणतात ती नावं द्या. सोबत तारीख, कोणत्या दिशेने गेलात, टाक्यात पाणी होतं का आणि नाळ कोणत्या उंचीवर सोडली, हे चार ओळींत लिहा. तुमची फाइल घेऊन पुढच्या रविवारी कुणीतरी तिथे उतरणार आहे.